घरामागच्या वर्कशॉपचं वायरिंग: सुरुवात अर्थिंगपासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराच्या मागे वीसेक मीटरवर पत्र्याची शेड बांधली आहे. त्यात 1 एचपीचं उभं ड्रिल मशीन, लाकूड कापायचं 2 एचपीचं टेबल कटर, हातातला 4 इंची ग्राइंडर आणि इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन वापरायचं आहे. सध्या स्वयंपाकघरातल्या पॉवर प्लगवरून एक्स्टेन्शन ओढलंय. पाऊस सुरू झाल्यापासून ड्रिलच्या स्टँडला हात लागला की झिणझिण्या येतात. वायर किती एमएमची घ्यावी, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) किती अँपिअरचा लावावा, आणि हे काम स्वतः केलं तर चालेल का?

वायर आणि एमसीबीकडे नंतर येऊ, आधी झिणझिण्यांचं बघू. ते ड्रिल आजच प्लगमधून काढा आणि दोष सापडेपर्यंत परत लावू नका. चप्पल घालून काम करतो, लाकडी फळीवर उभा राहतो, म्हणून चालतंय असं समजू नका. झिणझिण्या येतात याचा अर्थ दोन गोष्टी एकाच वेळी बिघडल्या आहेत. मोटरच्या वाइंडिंगमधून किंवा कॉर्डमधून करंट बॉडीवर उतरतोय, ही एक. आणि तो जमिनीत वाहून जायला अर्थची वाट नाही, ही दुसरी. अर्थ नीट असता तर हाताला काही जाणवलंच नसतं. आज फळी कोरडी आहे म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. उद्या ओल्या कोब्यावर अनवाणी उभं राहून तोच स्टँड धरलात तर शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो, म्हणजे 230 व्होल्टला शरीरातून पाव अँपिअरच्या जवळपास करंट जाईल. हृदय बंद पाडायला याहून बरंच कमी पुरतं.

ग्राइंडरची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या नेमप्लेटवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर तो डबल इन्सुलेशनचा आहे. त्याला दोनच वायरी असतात आणि अर्थ लागत नाही. ड्रिल आणि कटर मात्र लोखंडी बॉडीचे, त्यांना तिसरी वायर हवीच.

आता स्वयंपाकघरातला तो सॉकेट. तुमचं घर जुनं असेल तर वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसण्याची शक्यता बरीच आहे. याहून वाईट प्रकार मी पुष्कळ ठिकाणी पाहिलाय. शेतीची अवजारं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये सॉकेट उघडला, तर न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या वायरच्या) स्क्रूमधून दोन इंचांचा काळ्या वायरचा तुकडा काढून अर्थच्या स्क्रूत घातलेला. टेस्ट लॅम्प लावला की फेज (करंट आणणारी वायर) आणि अर्थमध्ये दिवा झकास पेटायचा, म्हणून मालक निश्चिंत. पण त्या बोर्डाकडे येणारी न्यूट्रल मागे कुठेही तुटली किंवा स्क्रूखाली सैल झाली, तर त्या लूपमधून फेज सरळ मशीनच्या बॉडीवर येतो. मशीन बंद पडलेलं असतं, त्यामुळे लाइट गेली असं वाटून माणूस हात लावून बघायला जातो. असा लूप दिसला तर तिथल्या तिथे काढून टाका. अर्थ नसलेला सॉकेट वाईटच, पण लूप मारलेला त्याहून घातक, कारण तो सुरक्षित असल्याचा भास निर्माण करतो.

टेस्ट लॅम्प पेटला म्हणजे अर्थ चांगला, ही समजूतही सोडा. 100 वॉटचा साधा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. अर्थचा रोध 50 ओहम इतका खराब असला तरी बल्बला 210 व्होल्ट मिळतात आणि उजेडातला फरक डोळ्याला कळत नाही. पण त्याच अर्थवर मशीनची बॉडी फेजला चिकटली तर 230 भागिले 50, म्हणजे साडेचार अँपिअर वाहतील. 16 अँपिअरचा एमसीबी त्यावर जन्मभर पडणार नाही आणि बॉडीवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज तसंच उभं राहील.

समजा अर्थिंग बरं आहे, 5 ओहम आलंय, आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचं अर्थिंग 2 ओहम आहे. दोन्ही मिळून 7 ओहम, म्हणजे फॉल्टचा (फेज बॉडीला चिकटल्यावर वाहणारा) करंट 33 अँपिअर. सी प्रकारचा 16 अँपिअरचा एमसीबी ताबडतोब पडायला त्याच्या रेटिंगच्या पाच ते दहा पट, म्हणजे 80 ते 160 अँपिअर लागतात. दुपटीला तो गरम होऊन पडतो, त्याला काही सेकंद लागतील किंवा मिनिटही लागेल. तेवढा वेळ बॉडीवर 33 गुणिले 5, म्हणजे 165 व्होल्ट असतात. एमसीबी वायरीला आग लागू नये म्हणून असतो. फॉल्ट झालेल्या मशीनला हात लावून उभ्या असलेल्या माणसासाठी तो पुरत नाही. घरगुती जोडणीत बहुतेक ठिकाणी आपलं अर्थिंग आपल्यालाच करावं लागतं, आणि मातीतून जाणारा फॉल्टचा करंट असाच मर्यादित राहतो. त्यामुळे हे गणित जवळजवळ प्रत्येक घराला लागू होतं.

म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचाच. बाजारात अजूनही सगळे त्याला ईएलसीबी म्हणतात, पण मागताना आरसीसीबी आणि 30 मिलिअँपिअर हे दोन्ही शब्द सांगा. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांतला फरक तो मोजतो. 30 मिलिअँपिअरच्या फरकाला त्याने 0.3 सेकंदाच्या आत पडायचं असतं, आणि पाचपट फरकाला 0.04 सेकंदात. दुकानात एसी आणि ए असे दोन प्रकार मिळतील. इन्व्हर्टर वेल्डिंग आणि स्पीड कमी-जास्त होणारी मशीनं असतील तर ए प्रकारचाच घ्या. आत इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या मशीनचा लीकेज करंट एका बाजूला झुकलेला असू शकतो, आणि एसी प्रकाराला तो नीट ओळखता येत नाही.

आरसीसीबीच्याही मर्यादा आहेत. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली तर त्याला काहीच कळत नाही, कारण जेवढं गेलं तेवढं परत आलेलं असतं. ओव्हरलोडही त्याला कळत नाही, म्हणून सोबत एमसीबी लागतोच. आणि त्याच्या पुढे असलेल्या सगळ्या सर्किटांची न्यूट्रल त्याच्यातूनच यायला हवी. घाईत एखाद्या दिव्याची न्यूट्रल दुसऱ्या बोर्डातून घेतली की तो विनाकारण पडायला लागतो. मग कोणीतरी वैतागून त्याला बायपास करतो. पडणारा आरसीसीबी खराब ठरवण्याआधी न्यूट्रल कुठे मिसळलीय ते शोधा.

आता अर्थिंगचा खड्डा. शेडसाठी वेगळा करा, भिंतीपासून निदान दीड मीटर लांब. अर्थिंगच्या आयएस 3043 या मानकातला नेहमीचा पाइप म्हणजे 40 मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांब जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप. भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकण. काळ्या जमिनीत याचं रीडिंग सहज चांगलं येतं. देशावर फूट-दीड फुटावर मुरूम आणि खाली कातळ लागतो, कोकणात जांभा. तिथे एका पाइपवर भागत नाही. दोन किंवा तीन पाइप पुरून एकमेकांना जोडा. दोन पाइपांमध्ये पाइपच्या लांबीएवढं तरी अंतर हवं, नाहीतर दुसऱ्या पाइपचा फारसा उपयोग होत नाही. पावसाळ्यात घेतलेल्या रीडिंगवर समाधान मानू नका, एप्रिल-मे महिन्यात परत मोजा. अर्थ टेस्टर घेऊन येणारा माणूस शोधा. दोन खुंट्या मारून, तीन वायरी जोडून तो आकडा सांगतो. वर्कशॉपला 5 ओहमच्या आत आणायचा प्रयत्न करा. नळाच्या पाइपला अर्थ जोडायची जुनी सवय असेल तर ती बंद करा. आता मध्ये कुठेतरी पीव्हीसीचा तुकडा असतोच.

शेडचे पत्रे आणि लोखंडी खांब हेही त्या अर्थला जोडा. पत्र्याची धार वायरीचं इन्सुलेशन हळूहळू कापते आणि मग पूर्ण शेडमध्ये करंट उतरतो. कपडे वाळत घालायची तार त्याच खांबाला बांधलेली असते. दर पावसाळ्यात अशा बातम्या वाचायला मिळतात, आणि बऱ्याचदा बळी जाते ती घरातली बाई किंवा मूल, ज्यांचा त्या वर्कशॉपशी काही संबंधही नसतो. वायर पत्र्यातून आत जाते तिथे रबरी ग्रोमेट किंवा ग्लँड लावा. शेडच्या आत सगळं वायरिंग पाइपमधून न्या, पत्र्याला टेकवून उघडी वायर कुठेही नको.

आता तुमचा मूळ प्रश्न, वायर आणि एमसीबी. 1 एचपीची सिंगल फेज मोटर चालताना सहा-सात अँपिअर घेते, 2 एचपीची अकरा-बारा. सुरू होताना मात्र क्षणभर पाच-सहा पट, म्हणजे 2 एचपीला 60-65 अँपिअर. वेल्डिंगला अडीच एमएमच्या रॉडवर साधारण पंधरा अँपिअर जातात. दहा नंबरच्या, म्हणजे 3.15 एमएमच्या रॉडवर वीस-पंचवीसपर्यंत, म्हणजे 16 अँपिअरच्या प्लगच्या आवाक्याबाहेर. माणूस एकटा असेल तर एका वेळी एकच मोठं मशीन चालतं, हे धरून मी असं करीन: घरातल्या मेनपासून शेडपर्यंत 6 स्क्वेअर एमएम तांब्याची आर्मर्ड (लोखंडी तारांचं कवच असलेली) केबल, घराच्या टोकाला 32 अँपिअरचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी. शेडमध्ये स्वतंत्र डीबी (एमसीबींचा बोर्ड), त्यात डबल पोल आयसोलेटर (मेन स्विच), मग 40 अँपिअर 30 मिलिअँपिअर आरसीसीबी आणि त्याच्या पुढे सर्किटं. ड्रिल आणि हातातल्या मशीनच्या सॉकेटांना अडीच (स्क्वेअर) एमएमची वायर आणि 16 अँपिअर सी प्रकारचा एमसीबी. कटरला 4 एमएम आणि 20 अँपिअर सी. वेल्डिंगला 6 एमएम, 25 अँपिअर सी आणि निळा 32 अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट. घर आणि शेड यांच्यामधली केबल शेडच्या आरसीसीबीच्या मागे राहते, म्हणजे त्याचं संरक्षण तिला मिळत नाही. तिच्यासाठी घराच्या टोकाला 300 मिलिअँपिअरचा, मुद्दाम थोडा उशिरा पडणारा एस प्रकारचा आरसीसीबी लावा. म्हणजे शेडमधल्या फॉल्टला आधी शेडचा पडेल.

लोड मोटरचा आहे, त्यामुळे बी प्रकारचा एमसीबी नको. तो तीन ते पाच पटीला पडतो, म्हणजे कटर सुरू करताना रोज पडेल. मग लोक अँपिअर वाढवतात. अडीच एमएमच्या वायरवर 32 चा एमसीबी लावला की वायर वितळेल पण एमसीबी पडणार नाही. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये तारेचे चार पदर घालायचे, तोच हा प्रकार.

अंतराचाही हिशेब आहे. अडीच एमएम तांब्याला किलोमीटरला सुमारे 7.4 ओहम रोध असतो. वीस मीटर जाऊन-येऊन चाळीस मीटर, म्हणजे 0.3 ओहम. कटर सुरू होताना 65 अँपिअरला तिथेच 19 व्होल्ट पडतात. संध्याकाळी गावात व्होल्टेज आधीच 200 च्या खाली असेल तर मोटर गुणगुणत राहते, वेग घेत नाही, आणि वाइंडिंग जळतं. 6 एमएमच्या केबलवर हाच फरक 8 व्होल्टवर येतो. सध्याचं एक्स्टेन्शन या कामाचं नाही, मग ते कितीही जाड दिसो. आणि रीळवर गुंडाळलेलं एक्स्टेन्शन लोडवर कधीच वापरू नका, आतले वेढे तापून एकमेकांना चिकटतात.

केबल जमिनीखालून न्यायची असेल तर पाऊण मीटर खोल चर, खाली-वर वाळू, त्यावर विटा, म्हणजे पुढे कोणी कुदळ मारली तर आधी वीट लागेल. आर्मर दोन्ही टोकांना ग्लँडमधून घट्ट पकडा. ते घराच्या बाजूला अर्थला जोडायचं की दोन्हीकडे, हे तुमच्या घराचं अर्थिंग पाहून ठेकेदाराला ठरवू द्या. जुन्या अॅल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची वायर नुसती पिळून जोडू नका. ओल लागली की तो सांधा गंजतो, तापतो, आणि वर्कशॉपमधल्या भुशाला पेटायला तेवढं पुरतं. सांधा करायचाच असेल तर बायमेटॅलिक लग (दोन धातूंचा जोडतुकडा) आणि नीट क्रिम्पिंग (तो दाबून पक्का करणं).

लाकडाचा भुसा आणि ग्राइंडरची लोखंडी धूळ हे वर्कशॉपच्या वायरिंगचे खरे शत्रू. घरातले मॉड्युलर स्विच तिथे वर्षभर टिकत नाहीत. धूळ फारशी आत न जाणारे, आयपी 54 चे बॉक्स घ्या आणि सॉकेट टेबलाच्या पातळीच्या वर, बाजूला लावा. टेबलाखाली सगळा भुसा सॉकेटमध्येच जातो.

दिव्यांचं सर्किट वेगळं ठेवा, स्वतःच्या आरसीबीओवर (एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डबीत). कटर चालू असताना फॉल्ट झाला आणि दिवेही त्याच आरसीसीबीवर असले, तर अंधारात पातं अजून फिरत असतं आणि तुमचा हात त्याच्या शेजारी. शिवाय चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. ठरावीक वेगाला ड्रिलचा चक त्या उजेडात उभा असल्यासारखा दिसतो. स्वस्त एलईडीतही हे होतं. मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरा, पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा मशीनवर नको.

लोडशेडिंग आणि अधूनमधून जाणारी वीज यामुळे एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची ठरते. लाइट गेली, तुम्ही कटरचा स्विच चालूच ठेवून चहाला गेलात, परत येऊन पातं साफ करायला बसलात आणि लाइट आली. साध्या स्विचवर मशीन आपोआप सुरू होतं. म्हणून कटर आणि ड्रिल दोन्हींना डीओएल स्टार्टर लावा, हिरवं बटण चालू, लाल बंद. वीज गेली की त्यातली कॉइल सुटते आणि हिरवं बटण परत दाबल्याशिवाय मशीन चालत नाही. त्याच्या ओव्हरलोड रिलेवरचा (मोटरवर जास्त भार आला की ती बंद करणाऱ्या भागावरचा) काटा मोटरच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावा. स्टार्टर घेताना कॉइल 230 व्होल्टची आहे का ते बघा. थ्री फेजच्या स्टार्टरमध्ये बहुधा 415 ची असते.

दुरुस्ती करताना मेन बंद केला म्हणजे वायर मेली असं धरू नका. घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावर तोच काही बोर्डांना फेज देतो, आणि छतावर सोलर असेल तर आणखी एक उगम असतो. वायरमन लोकांना शॉक लागायचं हे नेहमीचं कारण आहे. आधी चालू असलेल्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प पेटतो का बघा, मग ज्यावर काम करायचंय तिथे बघा, आणि परत चालू सॉकेटवर बघा, म्हणजे मध्येच लॅम्प बिघडला असेल तर कळेल. स्क्रू-ड्रायव्हरच्या निऑन टेस्टरवर जीव टाकू नका. लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभं राहिलात तर तो मंद पेटतो, आणि दुपारच्या उजेडात तेवढं दिसत नाही. न्यूट्रल तुटली असेल तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो आणि माणूस गोंधळतो. सिंगल फेज मोटरचा कपॅसिटर बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवतो, तो रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय हात घालू नका.

स्वतः करायचं का? पाइप लावणं, खड्डा खणणं, बॉक्स बसवणं, वायरी ओढणं, हे तुम्ही नक्की करा. पैसेही वाचतील आणि कुठली वायर कुठून गेली ते तुम्हाला कायम माहीत राहील. मीटरपासूनचा मेन, डीबीतली जोडणी, अर्थिंगचं शेवटचं माप आणि चालू करणं परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. कायद्यानेही ते काम त्याचंच आहे. बिलावर मंजूर भार किती आहे ते बघा. वेल्डिंग आणि कटर धरून तो अपुरा असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यायला अर्ज करावा लागेल, आणि त्याला ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागू शकतो. सॉकेट जोडताना समोरून बघितल्यावर वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. रंग संपला म्हणून हिरव्या वायरीतून फेज नेणाऱ्या माणसाला परत बोलावू नका.

चालू करण्याआधी 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रल तपासून घ्या. त्याआधी एलईडी आणि वेल्डिंग मशीन काढून ठेवा, नाहीतर त्यांची सर्किटं जातील. प्रत्येक ठिकाणी 1 मेगओहमपेक्षा जास्त हवं. नव्या वायरिंगला ते कितीतरी जास्त येतं, त्यामुळे दोन-तीन मेगओहम आलं तरी कुठे काय चिमटलंय ते शोधायला लावा. ड्रिलची मोटरही याच वेळी मेगरवर घ्या. रीडिंग कमी आलं तर वाइंडिंगवाल्याकडून भट्टीत सुकवून वार्निश करून घ्या, तेवढ्याने नाही भागलं तर रिवाइंड. आरसीसीबी टेस्टरने किती मिलिसेकंदात पडतो ते बघायला सांगा, आणि हे तिन्ही आकडे, मेगरचा, अर्थचा आणि आरसीसीबीचा, तारखेसकट डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा. आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबा. नाही पडला तर तो बदलेपर्यंत शेड बंद. प्रत्येक एमसीबीखाली मराठीत, ठळक अक्षरात लिहा: कटर, ड्रिल, वेल्डिंग, दिवे. आणि शेडची पूर्ण लाइट घरातून कुठल्या एमसीबीने बंद होते ते घरातल्या सगळ्यांना एकदा प्रत्यक्ष करायला लावा.